संरक्षक भिंतीसाठी कोणते काँक्रीट?

कोकणात उतारावर घर बांधताना मागची माती रोखायला आरसीसीची संरक्षक भिंत घालतात. तिच्यासाठी ‘एक-दीड-तीन’चा माल, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी, सर्रास सांगितला जातो. हे प्रमाण एम-२० चे, आणि अशा भिंतीला ते अपुरे आहे. आयएस ४५६ : २००० या मानकानुसार मातीत गाडलेल्या आरसीसीला किमान एम-२५ हवे, समुद्राच्या खाऱ्या हवेत एम-३०. एम-२५ म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसणारे काँक्रीट. त्याचे प्रमाण घमेल्याने मोजून ठरत नाही. त्यासाठी मिक्स डिझाइन करून घ्यावे लागते.

खरा घात पाण्यात होतो. एम-२५ ला पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नको. ५० किलोच्या गोणीला फार तर २५ लिटर, तेही ओल्या वाळूतले पाणी धरून. माल सळयांच्या जाळीत उतरत नाही म्हणून मिक्सरमध्ये पाणी ओतू देऊ नका. प्लॅस्टिसायझर वापरा, २० मिलिमीटरपेक्षा मोठी खडी नको, व्हायब्रेटर हवाच. जादा पाणी उडून गेले की मागे सूक्ष्म छिद्रे राहतात, त्यांतून ओल सळईपर्यंत पोचते आणि सळई गंजून फुगते.

मात्र उत्तम काँक्रीटही मागे साठलेल्या पाण्याच्या रेट्याला पुरे पडेलच असे नाही. निचऱ्याची भोके आणि त्यांच्यामागे खडीचा थर नकाशात आहे का, हे अभियंत्याला आधी विचारा.