खांदा दुखायचा थांबतो तेव्हा

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर माउंटन बायकरला खरा धोका असतो तो साधारण सहाव्या आठवड्यापासून. ठणका गेलेला असतो, गळ्यातली स्लिंग निघालेली असते, रात्रीची झोप परत आलेली असते आणि भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल रोज समोर दिसत असते. हात चहाचा कप उचलतो, शर्ट घालतो. मग एखाद्या सोप्या पायवाटेवर फेरी मारून यायला काय हरकत आहे, असं वाटणं साहजिकच. हरकत एवढीच, की आतली दुरुस्ती अजून बरीचशी टाक्यांच्या भरवशावर उभी असते. वेदना ओसरण्याचं वेळापत्रक वेगळं आणि फाटलेला भाग हाडाला पुन्हा धरण्याचं वेगळं. हे रुग्णाला जितक्या ठामपणे सांगायला हवं तितकं सांगितलं जात नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हा सांधा समजून घ्यायला हवा. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याला तशी वाटी नाही. एखादी बशी उभी धरावी आणि तिला टेनिसचा चेंडू टेकवून ठेवावा, तशी इथली रचना आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, फऱ्याच्या हाडावरची खोबण लहान आणि उथळ. एका वेळी गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग खोबणीला लागलेला असतो. तरीही तो घसरत नाही, कारण रोटेटर कफचे चार स्नायू त्याला सतत खोबणीत दाबून धरतात आणि खोबणीच्या कडेनं असलेली लॅब्रम नावाची चिवट गादी तिची खोली वाढवते. सभोवती सांध्याचं आवरण आणि अस्थिबंध आहेतच. हात डोक्यावर नेता येतो, पाठीमागे नेता येतो, गोल फिरवता येतो, तो याच उथळपणामुळे. शरीरातल्या मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत जास्त वेळा निखळतो तोही खांदाच.

आता सायकलवरचा खांदा पाहू. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर ‘रिपॅक’ नावाची शर्यत पहिल्यांदा झाली आणि तिथून या खेळाला आकार आला. तेव्हाच्या जुन्या, जड सायकलींना पेडल उलटं दाबून लागणारे ब्रेक होते. ते तापून आतलं ग्रीस जळायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. शर्यतीला नाव पडलं ते त्यावरूनच. आजचे डिस्क ब्रेक एका बोटानं चाक थांबवतात. तीव्र उतारावर पुढचं चाक दगडात अडकलं किंवा पुढचा ब्रेक जोरात लागला, की सायकल थांबते पण अंगाचा वेग थांबत नाही. स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो आणि जमीन दिसताच हात आपोआप पुढे पसरतो. तळवा जमिनीत रुततो, धड मात्र पुढे सरकत राहतं. दंड बाजूला ताणला जाऊन बाहेरच्या दिशेनं पिळला जातो. नेमक्या याच अवस्थेत खांदा सर्वांत कमकुवत असतो. गोळा खोबणीची पुढची कड ओलांडून बाहेर पडतो. निखळलेल्या खांद्यांपैकी सुमारे ९५ टक्के असे पुढच्याच बाजूला निखळतात. हात न पसरता कुणी थेट खांद्याच्या टोकावर आदळला, तर मार कॉलरबोनला किंवा तिच्या टोकाच्या सांध्याला बसतो; त्या दुखापतींचे उपचार वेगळे.

गोळा बाहेर पडताना कडेची लॅब्रम खरवडून नेतो. खांदा पुन्हापुन्हा का निखळतो, याचं मूळ या फाटण्यात आहे, हे लंडनचे शल्यचिकित्सक ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ साली मांडलं आणि लॅब्रम पुन्हा हाडाला शिवण्याची शस्त्रक्रियाही सांगितली. आजही या दुखापतीला त्यांचंच नाव आहे. बाहेर पडलेला गोळा खोबणीच्या कडेवर आपटतो तेव्हा त्यालाही मागच्या बाजूनं खाच पडते. १९४० साली हिल आणि सॅक्स या दोन क्ष-किरणतज्ज्ञांनी तिचं सविस्तर वर्णन केलं. अशी कड आणि अशी खाच झालेल्या सांध्यात गोळ्याला बाहेरची वाट मोकळी होते. विशीच्या आत पहिल्यांदा खांदा निखळलेल्यांपैकी बहुतेकांचा तो पुन्हा निखळतो. चाळिशीनंतर हे प्रमाण बरंच घटतं, पण त्या वयात रोटेटर कफ फाटण्याची शक्यता वाढते. चाळिशी ओलांडल्यावर सायकल हातात घेतलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. खांदा बसला तरी हात वर जात नसेल, तर तपासणी टाळू नये.

आपल्याकडे खांदा निखळला की गडाखालच्या गावातल्या हाडवैद्याकडे धाव घेतली जाते, नाहीतर सोबतचाच कुणीतरी हात ओढून बघतो. असं करू नका. सांध्याच्या अगदी खालून ॲक्सिलरी नावाची नस जाते आणि निखळताना तिला ताण बसलेला असू शकतो. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, बीसीजीच्या लशीचा व्रण असतो साधारण त्या भागात, बोट फिरवून बधिरपणा आहे का ते पाहावं आणि डॉक्टरांना सांगावं. हाडाला तडा असेल तर आंधळ्या ओढाताणीनं तुकडे सरकतात. एक्स-रे आधी, खांदा बसवणं त्यानंतर. तोवर हात आहे त्या स्थितीत ओढणीनं किंवा टी-शर्टनं अंगाशी बांधून दवाखाना गाठावा.

पुन्हापुन्हा निखळणाऱ्या खांद्यावर आज बहुधा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन अख्ख्या हाताच्या नसा बधिर करतात. या इंजेक्शनचा परिणाम त्या बाजूच्या श्वासपटलावरही होतो, म्हणून काही तास श्वास थोडा अपुरा वाटतो. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून जातो. सांध्यात सलाइन भरून तो फुगवतात, छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि अवजारं आत घालतात, खोबणीची कड खरवडून ताजी करतात आणि तिच्यात जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचे अँकर बसवतात. अँकरला ओवलेल्या दोऱ्यांनी लॅब्रम ओढून कडेला बांधली जाते. खोबणीचं हाडच २० ते २५ टक्क्यांपर्यंत झिजलेलं असेल, तर नुसती शिवण पुरत नाही. अशा वेळी फऱ्याच्या हाडाचा कोराकॉइड नावाचा पुढे आलेला भाग, त्याला चिकटलेल्या कंडरांसकट कापून खोबणीच्या कडेला स्क्रूनं बसवतात. फ्रान्समधल्या लियाँच्या मिशेल लातार्जे यांनी १९५४ साली ही पद्धत मांडली.

शस्त्रक्रिया तासा-दोन तासांत संपते. सर्जन लॅब्रम हाडाजवळ आणून ठेवतो. ती हाडाला धरण्याचं काम शरीराचं. पहिल्या काही दिवसांत तिथे सूज येते, रक्तातल्या पेशी जमतात. पुढचे काही आठवडे नवं कोलॅजन तयार होत राहतं, पण ते घाईचं, विस्कळीत आणि कमी ताकदीचं असतं. त्याच्या जागी जाड, एका दिशेनं रचलेले तंतू येण्याची प्रक्रिया कित्येक महिने चालते. १९९३ साली अमेरिकेत स्कॉट रोडिओ आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या पायातली कंडरा हाडात पाडलेल्या छिद्रात बसवली आणि ठरावीक आठवड्यांनी ती ओढून पाहिली. आठव्या आठवड्यापर्यंत कंडरा हाडातून उपटून येत होती. बाराव्या आठवड्यात मात्र हाडातली पकड टिकली, तुटली ती दुसरीकडे. कुत्र्याचा पाय म्हणजे माणसाचा खांदा नव्हे, हे खरं. पण जोराचे व्यायाम साधारण तीन महिने पुढे ढकलण्यामागे हेच जीवशास्त्र आहे. तरुण वय, कमावलेलं शरीर, प्रथिनांचा आहार यांनी फरक पडतो, तरी आठवड्यांचे दिवस होत नाहीत. तंबाखू आणि सिगारेट मात्र ही प्रक्रिया नक्की लांबवतात, कारण निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आखडवतं.

हात नुसता बांधून ठेवणंही बरोबर नाही. सांधा आखडला तर तो सोडवायला पुढे महिने जातात. म्हणून स्लिंगच्या चार ते सहा आठवड्यांतही बोटं, मनगट आणि कोपर हलवत राहायचं. खांद्याला किती हलवायचं ते सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील. कमरेतून वाकून हात सैल सोडायचा आणि अंगाच्या हेलकाव्यानं तो झुलू द्यायचा, हा बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावानं ओळखला जाणारा व्यायाम आजही सुरुवातीला देतात. परवानगी मिळाली की स्लिंगमध्ये हात ठेवून, हँडलवर भार न देता, घरातल्या स्थिर सायकलवर पाय चालवता येतात.

आणखी एक उपाय आपल्याकडे फारसा वापरला जात नाही. येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ साली दाखवून दिलं, की एका हाताला सराव दिला तर सराव न केलेल्या हाताची ताकदही काही प्रमाणात वाढते. हा बदल मेंदू आणि मज्जासंस्थेत घडतो. बांधून ठेवलेल्या हाताची ताकद कमी घटावी म्हणून चांगल्या हाताला व्यायाम देण्यामागे हेच तत्त्व आहे. याला खर्च शून्य आणि दुरुस्त खांद्याला धोका नाही, तेव्हा फिजिओथेरपिस्टला याबद्दल आवर्जून विचारा.

ताकद परत आली तरी एक गोष्ट उरते. सांध्याचं आवरण आणि अस्थिबंध यांत असलेले सूक्ष्म संवेदक हात कुठल्या कोनात आहे ते मेंदूला क्षणोक्षणी कळवतात. निखळताना त्यांनाही इजा होते. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या शेवाळलेल्या दगडावर पुढचं चाक घसरतं, तेव्हा विचार करायला वेळ नसतो; खांदा आपोआप आवळला गेला पाहिजे. म्हणून शेवटच्या टप्प्यात भिंतीवर आणि मग जमिनीवर हात टेकून भार घेणं, डळमळत्या फळीवर तोल सावरणं, अंग आखडून घरंगळत पडण्याचा सराव करणं हे सारं यावं लागतं. कच्च्या वाटेवर परतायला साधारण पाच-सहा महिने लागतात. दोन्ही हातांची ताकद मोजून पाहिल्यावर त्यात फारसा फरक उरला नसेल, तरच.

ब्रिटनची डाउनहिल स्वार रेचल ॲथर्टन २००८ मध्ये जगज्जेती झाली. २००९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात रस्त्यावर सराव करताना पिकअप ट्रकला धडकून तिचा खांदा निखळला, नसेला इजा झाली आणि तो अख्खा हंगाम तिला सोडावा लागला. २०१६ मध्ये तिनं वर्ल्ड कपच्या सातही फेऱ्या जिंकल्या. २०१७ मध्ये फोर्ट विल्यमच्या सरावात खांदा पुन्हा निखळला. २०१८ मध्ये ती पुन्हा जगज्जेती होती. दिमतीला तज्ज्ञांचा ताफा असलेल्या जगज्जेतीलाही एक अख्खा हंगाम द्यावा लागला, तर नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी डोंगरात जाणाऱ्यानं सहाव्या आठवड्यात घाई करण्याचं कारण नाही.

शस्त्रक्रियेची तारीख घ्याल त्याच दिवशी फिजिओथेरपिस्टचीही वेळ घ्या. तीन महिन्यांच्या व्यायामाचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरा, कारण पैसे संपले म्हणून व्यायाम सोडणारे फार आहेत. सर्जनला तीन प्रश्न विचारा: हाड किती झिजलं आहे, अँकर बसवणार की हाड सरकवणार, आणि हँडलवर भार द्यायला परवानगी कोणत्या तपासणीनंतर मिळेल. आणि सहा महिने सायकल मित्राच्या घरी ठेवा.