पहिला नमुना त्याचा

मूल हवंय : भाग ५

मागच्या भागात पाळीचा हिशेब पाहिला. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू मात्र तिच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून बीज सुटण्याच्या आधीचे दिवस मोलाचे. वर्षभर असे संबंध ठेवूनही दिवस गेले नाहीत, तर तपासणी करावी. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल, तर सहा महिन्यांतच. पण सुरुवात कोणापासून?

बोराडी, सांगवी, पळासनेरकडून शिरपूरला दाखवायला येणाऱ्या जोडप्याच्या हातातली पिशवी अनेकदा कागदांनी फुगलेली असते. सोनोग्राफी तिची, थायरॉइड तिचं, नळ्यांचा एक्स-रे तिचा, कधी क्युरेटिंगही होऊन गेलेलं. नवऱ्याच्या नावाचा एक कागद सापडत नाही. सोबत आलेल्या सासूबाई ठामपणे सांगतात, ‘मना पोऱ्यामा काही खोट नही.’ न तपासता हे ठरलं कसं?

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. कधी तेवढंच, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीला. आणि सगळ्या तपासण्यांत स्वस्त, बिनदुखण्याची तपासणी आहे ती वीर्याची. ती राहू द्यायची आणि बाईला भूल देऊन दुर्बिणीच्या टेबलावर घ्यायचं, हा मला सरळ अन्याय वाटतो.

तपासणी होते कशी, ते नीट समजून घ्या. आधी २ ते ७ दिवस वीर्यपतन होऊ द्यायचं नाही. नमुना हस्तमैथुनाने, लॅबने दिलेल्या रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीतच घ्यायचा. साबण, तेल, साधा निरोध वापरायचा नाही, त्याने शुक्राणू मरतात. पहिले थेंब सांडले तर लपवू नका, लॅबला सांगा. सर्वांत जास्त शुक्राणू त्यातच असतात. नमुना घरी घेतला, तर डबी खिशात, अंगाच्या उबेला ठेवून तासाभरात पोचवायची. म्हणून गावाहून येणाऱ्यांनी लॅबमध्येच नमुना द्यावा. घट्ट वीर्य अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पातळ होतं. मग त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली आखलेल्या काचेवर ठेवून चौकटीतले शुक्राणू मोजतात. किती पुढे पोहतात, किती जागीच वळवळतात, आकार कसा आहे, हेही पाहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत एका मिलिलीटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल ही खालची मर्यादा दिली आहे. हे आकडे वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांच्या नमुन्यांवरूनच काढले आहेत, आणि त्यांतल्या शंभरातल्या पाचांचे आकडे याहूनही कमी होते. तेव्हा आकडा कमी आला म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही. एका अहवालावर निकालही लावू नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. मध्यंतरी टायफॉइड किंवा डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल, तर आकडा खाली येतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं.

कारणं पुष्कळ. अंडकोशाच्या शिरा फुगणं, वयात आल्यावर झालेला गालगुंड, लहानपणी अंडकोश खाली न उतरणं, बिडी, दारू. पिळदार शरीरासाठी जिममध्ये घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी तर शुक्राणू शून्यावरही येतात. कामाचा संबंधही असतो. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रोप इथल्या कारखान्यात डीबीसीपी हे कृमिनाशक बनवणाऱ्या कामगारांनी, आपल्याला मुलं का होत नाहीत, असं आपसांत बोलायला सुरुवात केली आणि तपासणीत अनेकांचे शुक्राणू घटलेले किंवा नाहीसे झालेले निघाले. आपल्याकडे कपाशीवर फवारणी करणाऱ्यांनी डॉक्टरांना हे काम आवर्जून सांगावं; हातमोजे आणि तोंडाला मास्क तर हवाच.

पुरुष नमुना द्यायला बिचकतात, त्याचं मूळ बहुधा दोन समजुतींत असतं. एक, हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो. दुसरी, संबंध जमतो म्हणजे मूल होणारच. दोन्ही खोट्या. ताकद वेगळी, शुक्राणू वेगळे. शून्य शुक्राणू असलेल्या माणसाचे संबंध अगदी व्यवस्थित असू शकतात. र. धों. कर्वे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून अशा प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली. नव्वद वर्षांनंतरही तोच प्रश्न कुजबुजत विचारला जातो, याचं मला वाईट वाटतं.

दोष निघाला तरी मार्ग आहेत. काही हार्मोनचे दोष औषधाने, काही शिरांचे दोष शस्त्रक्रियेने सुधारतात. मोजके शुक्राणू मिळाले, तरी एकच शुक्राणू थेट बीजात सोडता येतो. या पद्धतीने पहिली बाळं १९९२मध्ये ब्रुसेल्सच्या गटाने नोंदवली. ताकदीच्या पुड्या विकणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. शिरपूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय इथे आधी चौकशी करा.

भावांनो, पुढच्या वेळी तिला एकटीला किंवा आईसोबत पाठवू नका. तुम्ही जा, आणि डॉक्टरांना तुम्हीच म्हणा, ‘आधी माझं तपासा.’

(पुढील भागात : गर्भनलिका आणि क्षयरोग)