गाणं थांबतं तिथं गोष्ट बोलू लागते
लोककथेच्या वाटेवर : लेखांक ७

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या यात्रेत विठ्ठल-बिरदेवाच्या देवळापुढं उभं राहिलं की आधी दिसतो तो भंडारा. पायाखाली, केसांत, भुवयांवर, ढोलाच्या कातड्यावरसुद्धा. देवाचे मानकरी फरांडे बाबा यांचं हेडाम, म्हणजे तलवार घेऊन नाचणं, आणि भाकणूक, म्हणजे पुढच्या दिवसांचं भाकीत, झालं की बाहेरून आलेले बहुतेक लोक परतीची एसटी गाठतात. माझं त्यांना एकच सांगणं असतं, रात्रीपर्यंत थांबा. अंधार पडल्यावर कुठंतरी घोंगडी अंथरली जाते, धनगरांचा मेळ जमतो आणि सुंबरान मांडलं जातं.

सुंबरान म्हणजे स्मरण. आधी देवाची आठवण, मग ओवी. मुख्य गाणारा कानावर हात ठेवून ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात, ढोल आणि झांज सोबतीला. सूर चढत जातो, शब्द एकमेकांवर आदळतात आणि नवख्या माणसाला त्यातलं निम्मंही कळत नाही. मग एकाएकी ढोल थांबतो. तोच गाणारा साध्या बोलण्यात येतो आणि आत्ताच गायलेला भाग उलगडून सांगतो. याला म्हणतात सपादनी. तमाशातली संपादणी ठाऊक असलेल्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल. बोलणं संपलं की पुन्हा ढोल, पुन्हा ओवी. रात्रभर हेच.

अशी गाण्या-बोलण्याची वीण जगात इतरत्रही आहे. तुर्कस्तानात, विशेषतः कार्स आणि एर्झुरूमकडे, ‘आशिक’ म्हणवणारे फिरते शाहीर साझ नावाचं लांब दांड्याचं तंतुवाद्य छातीशी धरून प्रेमकथा सांगत. आपल्याकडचा आशिक हा शब्द त्याच मुळाचा. रमजानच्या रात्री कॉफीच्या दुकानात एकच कथा कित्येक दिवस चालायची. २००९ साली युनेस्कोनं या परंपरेची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केली. त्यातली सर्वांत करुण कथा केरेम आणि अस्लीची. तो मुसलमान, ती आर्मेनियन धर्मगुरूची लेक. बाप मुलीला घेऊन गावोगाव पळतो आणि केरेम साझ घेऊन मागं. शेवटी लग्न होतं, पण पहिल्या रात्री तिच्या अंगरख्याची बटणं सुटता सुटत नाहीत. उघडली की पुन्हा आपोआप लागतात. केरेमच्या तोंडून सुस्कारा निघतो, त्याचीच आग होते आणि तो जळून जातो. त्याची राख केसांनी गोळा करताना अस्लीही पेट घेते.

या कथेत पळापळ, गावं, भेटी हे सगळं गद्यात येतं. काळीज भरून आलं, बोलणं अपुरं पडलं की आशिक साझ उचलतो. म्हणजे गोष्ट चालते ती गद्याच्या पायांनी आणि गाणं येतं ते थबकण्यासाठी. धनगरी ओवीचं उलटं आहे. इथं गोष्टीला पुढं ओढतं ते गाणंच, आणि बोलणं थांबून मागं वळतं, कोण राहिलं, कोणाला कळलं नाही ते पाहतं. कळप हाकणाऱ्याचीच ही रीत, असं मला ऐकताना नेहमी वाटतं.

गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं ओवीतली ही गाण्या-बोलण्याची वीण फार आधी ओळखली. धनगरांच्या वाड्यांवर बसून त्यांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मनीत निघाला. त्यांच्या संग्रहातल्या बिरोबा आणि धुळोबाच्या ओव्या पुढं अ‍ॅन फेल्डहाउस यांनी इंग्रजीत आणल्या, गाणं आणि बोलणं दोन्ही जसंच्या तसं ठेवून. हे ‘दोन्ही’ फार मोलाचं आहे. आपल्याकडं लोकगीतांचे संग्रह करताना गाणं तेवढं उतरवून घेण्याची आणि मधलं बोलणं फालतू म्हणून टाकून देण्याची खोड आहे. त्यामुळं कितीतरी कथांचे नुसते तुकडे हाती उरले.

प्रेमकथाच म्हणाल तर धनगरांकडं बाणाई आहे. सारीपाटात बायकोकडून, म्हाळसेकडून, हरलेला खंडोबा बारा वर्षं घर सोडतो आणि चंदनपुरीला बाणाईच्या घरी म्हातारा चाकर होऊन राहतो. मेंढरं धुवायला नेतो आणि एकेक मेंढरू खडकावर आपटून मारतो. पोरीचा बाप हंबरडा फोडतो. मग म्हातारा म्हणतो, सगळी उठवतो, पण बाणाई मला द्यायची. ऐकणाऱ्यांत बसलेला प्रत्येक जण मेंढरं राखणारा असतो. त्या खडकापाशी गाणं आलं की घोंगड्यांवर चिडीचूप होते. एक मेंढरू दगावलं तर काय होतं ते तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

केरेम आणि अस्लीची राख होते. बाणाई मात्र जेजुरीला नांदायला येते, आणि मग दोन सवतींचं भांडण सुरू होतं, तेही गाण्यातच. म्हाळसा वर गडावर, देवाशेजारी. बाणाईचं देऊळ डोंगराच्या मध्यावर, पायऱ्यांलगत. वर निघालेला धनगर आधी तिथं थांबतो, तिला भंडारा वाहतो आणि मग पुढची पायरी चढतो.