तव्यावरचे शास्त्र : भाकरी आणि तोर्तिया

मेक्सिको कोठे आणि तलासरी कोठे! मध्ये अर्धी पृथ्वी पसरलेली आहे. पण घरात नकाशा असेल तर जरा उघडून पाहा. विसावे अक्षांशवृत्त आपल्या डहाणूला जवळजवळ शिवून जाते, आणि तेच वृत्त पृथ्वीला वळसा घालून मेक्सिको देशाच्या मधून जाते. ऊन तेच, तव्यावर थापलेले वाटोळे अन्नही पुष्कळसे तसेच. आपण त्याला भाकरी म्हणतो, मेक्सिकोत तोर्तिया म्हणतात. हे नाव स्पॅनिश लोकांनी दिले. तेथील मूळच्या नाहुआ लोकांच्या भाषेत तिचे नाव त्लाश्काल्ली असे आहे.

तोर्तिया दोन प्रकारची असते : एक मक्याची, दुसरी गव्हाच्या पिठाची. यांपैकी गव्हाची तोर्तिया घरी कशी करावी ते मी सांगणारच आहे. साहित्य आपल्या घरात असतेच. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो. तांदळाच्या भाकरीला पाणी उकळून घ्यावे लागते, गव्हाच्या पोळीला मात्र साधे पाणी चालते, हे असे का? उत्तर सोपे आहे, आणि त्यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. प्रत्येक धान्याची स्वतःची अशी एक कृती असते. धान्य एका देशातून दुसऱ्या देशात सहज जाते. कृती मात्र पुष्कळदा मागेच राहते. आणि ती मागे राहिली, म्हणजे त्याची किंमत खाणाऱ्याला मोजावी लागते.

प्रथम आपल्या घरापासून सुरुवात करू. डहाणूच्या किनारपट्टीला तांदळाची भाकरी आणि मासळी हे रोजचे जेवण. तेथून पूर्वेकडे, डोंगराच्या बाजूला जाऊ लागलो की भाताची खाचरे कमी होतात आणि उताराची वरकस जमीन लागते. तेथे नागली आणि वरई ही पिके. वारली आणि कोकणा समाजांत धान्याला कणसरी माता मानतात. त्या कणसरीत भात जसा आला तशी नागलीही आली. उत्तरेला गुजरातची हद्द लागूनच असल्यामुळे गव्हाची पातळ रोटलीही या भागाला अनोळखी नाही. म्हणजे एका दिवसाच्या पायपिटीत तीन धान्ये आणि तीन तऱ्हांच्या भाकऱ्या!

आता तांदळाची भाकरी करणाऱ्या बाईचे हात नीट पाहा. पातेल्यात पाणी उकळते, त्यात मीठ पडते, मग पीठ घालून ती झाकण ठेवते. ही झाली उकड. गरम आहे तोवर परातीत घेऊन, हाताला पाणी लावून ती मळली जाते. गोळा थापून तव्यावर टाकला की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरतो. ते पाणी सुकू लागले की भाकरी उलटायची, आणि शेवटी निखाऱ्यावर ठेवली की टम्म फुगते व वर पापुद्रा सुटतो.

यातील एकही गोष्ट उगीच केलेली नाही. तांदळाच्या पिठात चिकटून धरणारे असे स्वतःचे काही नसते. थंड पाण्यात ते कालवले तर गोळा होतो खरा, पण थापताना कडा फाटतात. त्या पिठातील स्टार्चचे कण साधारण सत्तर अंश सेल्सियसच्या आसपास पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. कपड्यांना घालावयाची खळ आपण अशीच शिजवतो. उकळत्या पाण्याने पिठाचा काही भाग खळीसारखा होतो आणि तोच बाकीच्या पिठाला धरून ठेवतो. नागलीचेही तेच. देशावर ज्वारीचे पीठ जुने झाले, की ‘पिठाची विरी गेली’ असे म्हणतात, आणि मग तेथल्या बायकाही आधण ठेवतात. तव्यावर पाण्याचा हात फिरवतात तोही अशाच कारणाने : वरचा भाग शिजण्याआधी सुकून तडकू नये म्हणून.

गव्हाची गोष्ट अगदी निराळी. गव्हात दोन प्रथिने अशी आहेत, की ती पाण्यात भिजून मळली गेली म्हणजे त्यांची रबरासारखी जाळी तयार होते. तिला ग्लुटेन म्हणतात. १७२८ साली इटलीतील बोलोन्या येथे बेक्कारी नावाच्या विद्वानाने गव्हाच्या पिठातून हा पदार्थ वेगळा करून दाखविला. त्याचा प्रयोग तुम्हीही घरी करू शकता. कणकेचा लिंबाएवढा गोळा पाण्याखाली धरून हळूहळू चोळत राहा. पांढरे पाणी निघून जाईल, ते स्टार्च. शेवटी हातात एक पिवळसर, लवचिक गोळी उरेल. ती ओढली तर ताणते, सोडली तर आखडते. हीच गव्हाची ताकद. म्हणून पोळी लाटता येते, भाकरी थापावी लागते. तांदळाच्या किंवा नागलीच्या पिठाने हाच प्रयोग केलात, तर हाती काहीच उरणार नाही.

ही जाळी ध्यानात ठेवली, की गव्हाच्या तोर्तियाची कृती आपोआप समजते. मेक्सिकोत गहू नव्हता. १५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी ते राज्य जिंकले आणि आपला गहू बरोबर आणला. देशाच्या उत्तर भागात, सोनोरासारख्या कोरड्या प्रांतात, तो चांगला रुजला. तेथील लोकांना तव्यावरची तोर्तिया ठाऊक होतीच. नवे धान्य आणि जुना तवा यांची तेथे गाठ पडली आणि गव्हाची तोर्तिया जन्मली.

पाव किलो मैदा घ्या. मैदा नको असेल तर चाळलेली कणीक चालेल. त्यात पाऊण चमचा मीठ घाला. पन्नास ग्रॅम तूप किंवा तेल घालून दोन्ही हातांनी पिठाला चोळा. आपण करंजीला मोहन घालतो तसे. मेक्सिकोत डुकराची चरबी वापरण्याची रीत आहे. मग कोमट पाणी थोडे थोडे घालून मळा. मैद्याला सुमारे दीडशे मिलिलिटर पुरते, कणकेला त्याहून जास्त लागते. आठ-दहा मिनिटे चांगले मळून आठ ते दहा गोळे करा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवून द्या. पोळपाटावर पातळ लाटा. तवा कोरडा आणि चांगला तापलेला हवा. एक बाजू अर्धा-पाऊण मिनिट, फोड आले की उलटा, दुसरी बाजू तेवढीच. उतरवली की लगेच फडक्यात गुंडाळा.

मोहन कशासाठी? तूप पिठाच्या कणांभोवती बसते, जाळीचे धागे आखूड राहतात, आणि तोर्तिया निवल्यावरही घडी घालता येते. अर्धा तास कशासाठी? मळताना ताणलेली जाळी तेवढ्यात सैलावते. नाहीतर लाटलेले पुन्हा आखडते. फार वेळ भाजू नये, कारण पाणी उडून गेले की ती पापडासारखी मोडते.

आता मक्याच्या तोर्तियाकडे वळू. तिची कृती मोठी शहाणपणाची आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी धुऊन पाट्यासारख्या दगडावर वाटायचे. चुना म्हणजे आपण पानाला लावतो तोच. त्याने दाण्याचे टरफल सुटते, पीठ एकजीव होते आणि अन्नात कॅल्शियमही मिसळते. आणखी एक गोष्ट होते, ती डोळ्यांना दिसत नाही. मक्यात नायसिन नावाचे जीवनसत्त्व अशा रीतीने बांधलेले असते की आपल्या पोटाला ते सोडवून घेता येत नाही. चुना ते मोकळे करतो. तेथील बायकांना जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता. कृती मात्र पिढ्यान् पिढ्या चालत आली होती.

कोलंबसाच्या सफरींनंतर मका युरोपात गेला. पीक भरघोस आले, गरिबांचे पोट भरू लागले. पण चुन्याची कृती समुद्राच्या पलीकडेच राहिली. मग ज्या प्रांतांत मक्यावाचून ताटात दुसरे फारसे काही नव्हते, तेथे एक विचित्र रोग दिसू लागला. उन्हात कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी बुद्धी भ्रमायची. १७३५ च्या सुमारास स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल याने त्याचे वर्णन केले. १७७१ मध्ये इटलीत त्याला पेलाग्रा हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात याच रोगाने हजारो गरीब दगावले. तो संसर्गाने होत नाही, अपुऱ्या आहाराने होतो, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी प्रयोगांनी दाखविले. आणि १९३७ मध्ये नायसिनचा उपाय सापडला. मेक्सिकोतही गरीब होते, मकाच खात होते. पण त्यांच्या मक्याला चुना लागलेला होता, आणि जोडीला घेवडा असे. म्हणून ते पुष्कळ अंशी वाचले.

तुम्ही म्हणाल, हे परदेशातले झाले. आमचा काय संबंध? संबंध आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. तिने माणसे जगविली, हे विसरून चालणार नाही. पण तिची भाकरी कशी होईना, हे त्या पिढीतील माणसे आजही सांगतात. आणि आज डहाणू-तलासरीच्या घराघरांत रेशनमधून तांदळाबरोबर गहूही येतो. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते. गहू हे या डोंगरांचे जुने पीक नव्हे. ज्या हातांना पिढ्यान् पिढ्या उकड आणि थापणे ठाऊक, त्यांच्यापुढे एक ताणणारे, आखडणारे धान्य येऊन पडले. भाकरीच्या सवयीने त्यात आधण ओतले तर गोळा चिकट होतो, थापायला गेले तर तो मागे सरतो, आणि तव्यावरून निघते ते जाड, चिवट आणि मध्ये कच्चे. मग गहू विकला तरी जातो किंवा मुले तो खात नाहीत. दोष गव्हाचा नाही आणि हातांचाही नाही. धान्य आले, कृती आली नाही, एवढेच.

म्हणून तीन गोष्टी सुचवितो.

पहिली : गव्हाला गव्हासारखे वागवा. पाणी साधे किंवा कोमट, मळणे भरपूर, अर्धा तास विसावा आणि मग लाटणे. पहाटे उठून वापी-उंबरगावच्या कारखान्यांत किंवा दूर वीटभट्टीवर जाणाऱ्याच्या डब्यात द्यायचे असेल, तर तोर्तियासारखे थोडे मोहन घाला. संध्याकाळपर्यंत मऊ राहील. तेल बेताचेच असेल तर पन्नास ग्रॅमच हवे असे नाही. दोन चमच्यांनीही फरक पडतो.

दुसरी : गहू आला म्हणून नागलीला घराबाहेर काढू नका. नागलीचे साल दाण्याला इतके घट्ट असते, की ती सालासकटच दळली जाते. त्यामुळे सालातील सत्त्व वाया जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत शंभर ग्रॅम नागलीत कॅल्शियम सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर दिलेले आहे. गव्हाच्या पिठात ते सुमारे तीस, आणि सडलेल्या तांदळात दहाच्याही आत. हे सगळेच अंगी लागते असे नाही. पण नागलीला मोड आणले किंवा आंबील केली, तर अधिक लागते. ज्या भागात बालकांच्या कुपोषणाची चिंता अजून संपलेली नाही, तेथे या आकड्यांना वजन आहे.

तिसरी : दोन्हींची सोयरीक करा. एक वाटी नागलीच्या पिठाची नेहमीप्रमाणे उकड काढा. ती निवली की तीन वाट्या कणकेत घालून मळा. उकडीचे पाणी असतेच, तेव्हा वरून पाणी जपून घाला. नागलीला तिचे आधण मिळाले, गव्हाची जाळीही शाबूत राहिली. अशी पोळी लाटता येते, फुगते, आणि मुलेही ती आवडीने खातात.

नागली ही गरिबाची, काळी भाकरी, असे म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ असतात. त्यांना एवढेच सांगा, की नागलीही मूळची येथली नाही. हजारो वर्षांपूर्वी ती आफ्रिकेच्या डोंगरांतून आली. पण ती आली आणि येथल्या बायकांनी तिची कृती बसविली, म्हणून ती आपली झाली. तांदळाची उकड, नागलीची भाकरी, आंबील, हे सगळे आज घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या हातांत आहे. कागदावर फारच थोडे आहे. राज्यात नागलीचे क्षेत्र कमी होत गेले आहे, आणि पीक गेले की मागोमाग कृतीही जाते. पुढेमागे पीक परत आणता येईल, बी सरकार देईल; पण पाण्याला किती उकळी आली म्हणजे पीठ टाकावे, हे कोण देणार?

तेव्हा या आठवड्यात एक दिवस चुलीपाशी बसा. आजी असेल तर तिला भाकरी करायला लावा, आणि पाणी किती, पीठ किती, झाकण किती वेळ, हे विचारून लिहून ठेवा. ‘अंदाजाने’ असे उत्तर आले तर वाटी हातात द्या आणि तो अंदाज मोजून घ्या. मग दुसऱ्या दिवशी तिला गव्हाची तोर्तिया करून वाढा. पहिली बिघडली तर ती हसेल. दुसरीच्या वेळी लाटणे स्वतःच हातात घेईल.