गीझरची गळती आणि पुटीचा भरवसा

थंडी पडू लागली की घरोघरचे गॅस गीझर पुन्हा जोरात सुरू होतात. वर्षभर दुर्लक्षित राहिलेल्या जोडातून पाणी ठिबकताना दिसते. मग हार्डवेअरच्या दुकानातून एपॉक्सी पुटी आणायची, मळायची, जोडावर दाबून बसवायची. पाण्याच्या गळतीपुरता हा तात्पुरता उपाय चालून जातो. तीच पुटी, सिलिकॉन किंवा चिकटपट्टी गॅसच्या नळीवर लावणे मात्र जिवाशी खेळ आहे. पुटी वाळून कडक होते, रबरी नळी वाकत राहते आणि फट पुन्हा उघडते. तिथे नळीच बदलावी लागते. गळती शोधायला साबणाचा फेस वापरावा, काडी कधीही पेटवू नये. वास आल्यास रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवा.

एलपीजीत वासाचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते, म्हणून ही गळती नाकाला कळते. दुसरा धोका कळत नाही. बंद बाथरूममध्ये गीझरची ज्योत तिथला ऑक्सिजन वापरते. तो कमी पडला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते आणि कडी उघडण्याआधीच माणूस कोसळू शकतो. नळीला काहीही गळती नसताना हे घडते, त्यामुळे कोणतीही पुटी इथे कामाची नाही. उलट, गार वारा येतो म्हणून झरोक्यात कोंबलेला पुठ्ठा हेच सर्वांत घातक 'सील' ठरते.

असा रुग्ण सापडल्यास त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, गीझर बंद करावा आणि रुग्णालय गाठावे. फिट किंवा पित्त समजून घरी थांबू नये. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर हा वायू ओळखत नाही, त्याचा आकडा चांगलाच दिसतो. म्हणून 'गॅस गीझर चालू होता' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे व्हायला चार ते पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास तेच साधारण एक-दीड तासात होते.

गॅस गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवावा आणि गरम पाणी नळाने आत आणावे. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे. झरोका कायम उघडा असावा. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागली तर वापर थांबवून जाणकाराकडून दुरुस्ती करून घ्यावी. आंघोळीला गेलेल्या माणसाला वेळ लागला, तर दारावर थाप मारायला संकोच करू नये.