फ्लॉपी फेकू नका, आधी तिची इमेज घ्या!

सातपूर-अंबडला तुमचं वर्कशॉप आहे आणि जुन्या सीएनसी मशिनचे प्रोग्रॅम अजून फ्लॉपीवरच आहेत? मग व्हिडिओ बघून झाला की हे वाचाच. सोनीनेसुद्धा 2011 मध्ये जपानमध्ये फ्लॉपी विकणं बंद केलं. फ्लॉपी गेली की जॉबचा प्रोग्रॅम गेला, आणि रिपीट ऑर्डर आली की हात चोळत बसायचं.

फाइल कॉपी करणं वेगळं, इमेज वेगळी. इमेजमध्ये अख्खी डिस्क सेक्टर-सेक्टर करून जशीच्या तशी उतरते. 1.44 एमबीच्या फ्लॉपीची इमेज बरोबर 14,74,560 बाइट्सची भरते.

आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी पट्टी सरकवा. भोक आरपार दिसलं म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. पत्र्याचं झाकण सरकवून आत बुरशी आहे का बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात धरते ती! असेल तर फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड खराब होईल. चांगली असेल तर यूएसबी ड्राइव्ह लावून विनइमेजने इमेज घ्या.

विंडोजने 'फॉरमॅट करू का?' विचारलं तर घाबरून 'येस' दाबू नका हं! कित्येकदा फ्लॉपी ठणठणीत असते, फक्त फॉरमॅट मशिन कंपनीचा स्वतःचा असतो. तिथे जुना साधा ड्राइव्ह आणि ग्रीसविझल नावाचा बोर्ड लागतो.

पुढे मशिनला गोटेक एम्युलेटर बसवून पेनड्राइव्हवरूनही काम चालवता येतं. तुमच्या कंट्रोलरला तो चालेल का, हे मात्र सर्व्हिसवाल्याला आधी विचारा.

आणि लेबलचा फोटो काढाच. 'शाफ्ट नवा फायनल 2' हे फक्त तिथेच लिहिलेलं असतं.