वाळवीच्या पोटातले वल्हेकरी

लाकूड कुरतडते वाळवी. पचवतात मात्र तिच्या पोटातले सूक्ष्मजीव. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ‘मास्टोटर्मिस’ वाळवीच्या मागच्या आतड्यात ‘मिक्सोट्रिका पॅराडॉक्सा’ हा एकपेशीय जीव राहतो. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो लाकडाचे कण गिळून सेल्युलोज फोडतो. त्यातून तयार होणाऱ्या अ‍ॅसिटेटवर वाळवी जगते.

सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या अंगभर लव हलताना दिसते. १९६४ मध्ये क्लीव्हलँड आणि ग्रिमस्टोन या संशोधकांनी दाखवून दिलं, की ही लव म्हणजे चक्क त्याला चिकटलेले हजारो नागमोडी जिवाणू आहेत! ते एका लयीत वळवळून त्याला पुढे ढकलतात. त्याच्या स्वतःच्या चार कशाभिका (चाबकासारखे तंतू) फक्त दिशा सांभाळतात.

अशा वाळव्या कात टाकताना आतड्याच्या अस्तराबरोबर हे सोबतीही गमावतात. मग वसाहतीतल्या इतर वाळव्यांच्या गुदद्वारातून पाझरणारा द्रव पिऊन ते पुन्हा मिळवावे लागतात. एकटी पडलेली वाळवी म्हणूनच लाकडाच्या ढिगाऱ्यातही उपाशी मरेल.